दुष्काळाचा उलगडा

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पंधरा-सोळा वर्षांचे असताना, १८७६ साली, म्हैसूर संस्थानात पावसाने दगा दिला. उपाशी माणसे खेडी सोडून बंगळूरच्या वाटेला लागली. मद्रासहून रेल्वेने धान्य येई. पण ते विकत घेण्याची ऐपत गरिबांत कोठे होती? १८७१ मध्ये संस्थानाची लोकसंख्या सुमारे ५० लाख होती. १८८१ च्या शिरगणतीत ती ४२ लाखांच्या आसपास भरली.

पितृछत्र लहानपणीच हरपलेल्या विश्वेश्वरय्यांनी शिकवण्या करून बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजची पदवी मिळवली. पुण्यात अभियांत्रिकी शिकून ते मुंबई इलाख्याच्या सेवेत शिरले. दख्खनच्या कोरड्या मुलखात काम करताना दुष्काळाचे दुसरे अंग त्यांच्या ध्यानी आले. पाऊस लहरी खरा. परंतु पडलेले पाणी साठत नव्हते आणि साठलेले सर्वांपर्यंत पोहोचत नव्हते. नीरा कालव्याचे पाणी अधिक गावांना पाळीपाळीने मिळावे, अशी पद्धत त्यांनी आखली. खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवून भिंत न वाढवता साठा वाढवला.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवर कन्नंबाडीला धरण बांधण्याचा त्यांचा आग्रह होता. खर्च पाहून दरबार कचरला, तरी १९११ मध्ये काम सुरू झाले. त्या पाण्याखाली काही गावेही गेली. पुढे कालवे निघाले आणि मंड्याची कोरडवाहू शेते भिजू लागली.