इरावती कर्वे : समाजाच्या अभ्यासिका

समाजशास्त्र हा आज पदवीच्या अभ्यासक्रमातील परिचित विषय आहे. शंभर वर्षांपूर्वी स्थिती निराळी होती. मुंबई विद्यापीठात या विषयाचा विभाग १९१९ साली सुरू झाला, तेव्हा भारतात तो जवळजवळ नवाच होता. या नव्या वाटेने जाणाऱ्या आरंभीच्या विद्यार्थिनींमध्ये इरावती कर्वे यांचे नाव आदराने घेतले जाते.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीला होते. त्या देशातील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. शिक्षणासाठी तिला लहानपणीच पुण्याच्या हुजूरपागा शाळेत पाठवले गेले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या कुटुंबाने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. त्या घरातील ग्रंथ आणि चर्चा यांमुळे तिची जिज्ञासा वाढली.

१९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली. नंतर त्या मुंबईला डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकू लागल्या. एम. ए.साठी त्यांनी चित्पावन ब्राह्मण या स्वतःच्याच समाजाचा अभ्यास केला. ज्या चालीरीती आपण सवयीने पाळतो, त्यांच्याकडे परक्याच्या नजरेने पाहणे सोपे नसते. समाजशास्त्राचा हा पहिला धडा त्यांनी आपल्या घरापासूनच गिरवला.

दरम्यान त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. सासरे महर्षी कर्वे यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले होते; तरीही सुनेने परदेशी जाणे त्यांना पसंत नव्हते. पतीने मात्र आग्रह धरला आणि १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तेथे त्यांच्या ज्ञाननिष्ठेची कसोटी लागली. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील फरकाचा वंशाशी संबंध असावा आणि त्यातून युरोपीय माणसाचे श्रेष्ठत्व दिसावे, अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्यांची काळजीपूर्वक मोजमापे घेतली. असा कोणताही संबंध त्यांना आढळला नाही. पदवी देणे गुरूच्या हाती होते आणि देश परका होता. तरीही जे आढळले, तेच त्यांनी प्रबंधात मांडले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

मायदेशी परतल्यावर १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये अध्यापन व संशोधन करू लागल्या. केवळ ग्रंथांवर त्या विसंबल्या नाहीत. गावोगावी हिंडून त्यांनी माहिती जमवली. पंढरीच्या वारीत त्या चालल्या. आठवडी बाजारांचा अभ्यास त्यांनी केला. कोयना धरणामुळे घरदार सोडावे लागलेल्या लोकांचीही त्यांनी पाहणी केली.

भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. उत्तरेत, मध्य भागात, दक्षिणेत आणि पूर्वेकडे कुटुंबाची घडण कशी बदलते, हे त्यांनी त्यात दाखवले. उत्तरेत बहुतेक जातींत मुलगी जवळच्या नात्यात देत नाहीत. सासर तिला अनोळखी असते. दक्षिणेत मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत अनेक जातींत आहे, त्यामुळे तेथे सासर आधीच परिचयाचे असते. मराठीत सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत, ही अशाच प्रथेची खूण होय. घरात रोज उच्चारल्या जाणाऱ्या अशा शब्दांतही समाजाचा इतिहास दडलेला असतो, हे त्यांनी ओळखले होते.

महाभारतातील व्यक्तींकडेही त्यांनी याच चिकित्सक दृष्टीने पाहिले. त्यांच्या ‘युगान्त’ या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

समाजशास्त्र शिकणे म्हणजे केवळ व्याख्या पाठ करणे नव्हे. आपले घर, आपली भाषा आणि आपले गाव यांकडे नव्याने पाहणे, आणि जे दिसेल ते कोणाचीही भीड न बाळगता सांगणे, हा त्या शिक्षणाचा गाभा आहे. इरावतीबाईंनी तो आयुष्यभर जपला.