भाल्याचे आडनाव

माझी सारी नोकरी बँकेत गेली. चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी जुळली नाही, की चेक परत करायचा, ही सवय हाडीमाशी खिळलेली. त्या हिशेबाने विल्यम शेक्सपिअर माझ्या काउंटरवरून रिकाम्या हातानेच परतला असता! त्याच्या सहा सह्या आज शिल्लक आहेत. एक १६१२ च्या कोर्टातल्या साक्षीवर, दोन १६१३ च्या घरखरेदीच्या कागदांवर, तीन १६१६ च्या मृत्युपत्रावर. त्या एकसारख्या नाहीत, आणि आज छापतात ते स्पेलिंग तर एकीतही नाही.

दोष त्याचा नव्हे. तेव्हा इंग्रजी स्पेलिंगला पक्के नियमच नव्हते. कारकुनाला जे ऐकू येई, ते तो लिही. १५८२ मध्ये त्याचे लग्न ठरले, तेव्हा वूस्टरच्या दप्तरात एक दिवस ‘शॅक्सपिअर’ अशी नोंद झाली, तर दुसऱ्या दिवशी ‘शॅगस्पिअर’! पुढे राजदरबाराच्या हिशेबात तो ‘शॅक्सबर्ड’ झाला.

आडनावाचा अर्थ सरळ आहे: भाला हलवणारा. पण त्याला मान नव्हता. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील एका ह्यू शेक्सपिअरने १४८७ मध्ये, हलके समजले जाते म्हणून, हे आडनावच टाकून दिले.

विल्यमचे वडील जॉन स्ट्रॅटफर्डला हातमोजे शिवत. कागदावर सहीऐवजी खूण करीत. अशा घराला प्रतिष्ठा मिळाली ती १५९६ च्या ऑक्टोबरात. जॉनना कुलचिन्ह मंजूर झाले आणि त्यावर दिमाखात भाला होता. पण दोनच महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, विल्यमच्या एकुलत्या एका मुलाला, अकरा वर्षांच्या हॅम्नेटला मूठमाती दिली होती. नावाला मान आला आणि ते पुढे चालवणारा मुलगा गेला. बापाच्या मनाचे काय झाले असेल, हे लेकरे असलेल्या माणसाला सांगायला नको.

१६१६ मध्ये विल्यम गेला. १६७० मध्ये नात एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि थेट वंश संपला. नाव मात्र राहिले, ते छापखान्यामुळे. १६२३ मध्ये मित्रांनी त्याची नाटके एकत्र छापली, त्यावर आजचेच स्पेलिंग आहे.

आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’ला ‘विकारविलसित’ करून मराठीत आणले. आपण आजही कधी शेक्सपिअर लिहितो, कधी शेक्सपियर, कधी शेक्सपीअर. माणूस ओळखायला मात्र कोणी चुकत नाही.