जो मीक : जवारी लावणारा ध्वनिमुद्रक

तानपुऱ्याच्या तारा कितीही सुरेल मिळवा, जवारी नीट लागलेली नसेल तर नाद मुका राहतो. कसबी कारागीर घोडी हलक्या हाताने घासतो, तारेखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवतो, आणि तार घोडीला ओझरती शिवू लागते. मग तीच तार गुंजते आणि खर्जातून गांधार आपोआप ऐकू येतो. काटेकोर हिशेबाने पाहिले तर हा तारेच्या स्वच्छ कंपनात आणलेला अडथळाच. पण आपल्या पूर्वजांच्या कानांनी त्याला दोष न म्हणता नादाचे तेज मानले.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, माझा एक विद्यार्थी स्वतः डाख देऊन तयार केलेली पत्र्याची एक लहानशी पेटी घेऊन आला. तिच्यात जुन्या रेडिओत असत तसा काचेचा व्हॉल्व्ह होता. माझ्या वडिलांच्या मिरजेच्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण त्याने त्या पेटीतून फिरवून मला ऐकवले. प्रथम बटण फार पुढे गेले होते, त्यामुळे नाद नुसता खरखरला. त्याने ते मागे घेतले, आणि तानपुरा जणू दोन हात जवळ आला. ध्वनिमुद्रण आरशासारखे निर्मळ असावे असे मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. मला राग यावयास हवा होता; तो आला नाही. पेटीत काय घडते ते विचारता कळले की, व्हॉल्व्हला किंवा फितीला पेलवेल त्याहून अधिक जोर दिला म्हणजे ध्वनिलहरीचे माथे दबतात आणि मूळ स्वराच्या पटीतले नवे उपस्वर जन्मतात. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा असेल तर ४८०, ७२०, ९६० कंपनांचे स्वर त्याच्याभोवती गोळा होतात. जवारीची रीत निराळी, पण फळ जवळचे. या विद्येचा इंग्लंडातील एक जुना साधक म्हणून त्याने जो मीक याचे नाव सांगितले. त्यानंतर मी मीकचे चरित्र वाचले, तबकड्या ऐकल्या, आणि त्याची हकीकत आपल्याकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या घरांत माहीत असावी असे वाटले.

रॉबर्ट जॉर्ज मीक ५ एप्रिल १९२९ रोजी ग्लॉस्टरशायरमधील न्यूएंट या छोट्या गावी जन्मला. घरामागच्या खोपटात रेडिओ आणि ग्रामोफोन उघडून पाहण्यात त्याचे बालपण गेले. पुढे सक्तीच्या सैनिकी सेवेत हवाई दलात त्याने रडारचे तांत्रिक काम केले, नंतर वीज मंडळात नोकरी केली, आणि १९५०च्या दशकाच्या मध्यास लंडनच्या आयबीसी या ध्वनिमुद्रणगृहात तो रुजू झाला.

त्या काळी मोठ्या कंपन्यांचे तंत्रज्ञ पांढरे कोट घालून काम करीत. मापकाचा काटा तांबड्या पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही, आणि मायक्रोफोन वाद्यापासून बेताच्या अंतरावर ठेवायचा, हा तेथील शिरस्ता होता. मीकने दोन्ही मोडले. तो मायक्रोफोन वाद्याच्या अगदी तोंडाशी नेई आणि काटा खुशाल तांबड्यात जाऊ देई. १९५६ साली हंफ्री लिट्लटन या जाझवादकाची ‘बॅड पेनी ब्लूज’ ही तबकडी त्याने मुद्रित केली. पियानोच्या डाव्या हाताचे काम त्याने मुद्दाम पुढे ओढले, दाबले आणि थोडे फाटू दिले. लिट्लटन त्यानंतर सुटीवर गेले होते. ते हजर असते तर त्यांनी असे होऊ दिले नसते. पण तबकडी इंग्लंडमधील पहिल्या वीस लोकप्रिय तबकड्यांत जाऊन बसली. पुढे लॅन्सडाउन ध्वनिमुद्रणगृहाच्या उभारणीतही मीकचा हात होता. मात्र मालकांशी बिनसून त्याने तेही सोडले.

यानंतर त्याने उत्तर लंडनमध्ये ३०४, हॉलोवे रोड येथे, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरचे मजले भाड्याने घेऊन आपले ध्वनिमुद्रणगृह थाटले. भिंती बाजारातल्या, सामान जुने, तारांचे जंजाळ पायात येणारे. दुकानातून आणलेल्या यंत्रांची पोटे उघडून तो ती आपल्याला हवी तशी बदली. जे मिळत नसे ते स्वतः बांधी. बिघडलेल्या हीटरमधील स्प्रिंग पेटीत बसवून त्याने घुमाऱ्याचे यंत्र केले. हळू आवाज उचलणारी आणि मोठा आवाज दाबणारी यंत्रेही त्याने घरीच बनविली. ती इतकी ताणून वापरी की गाणे श्वास घेत असल्याचा भास होई. गायक एका खोलीत, तंतुवाद्ये जिन्यात, कोणी न्हाणीघरात, असा त्याचा संसार होता. १९६४ साली ‘हॅव आय द राइट’ या गाण्यासाठी त्याने वादकांना लाकडी जिन्यावर पाय आपटायला लावले आणि कठड्याला सायकलस्वारांच्या क्लिपांनी मायक्रोफोन अडकवले. ते गाणे इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

संगीतशिक्षक म्हणून मला सर्वात जास्त अंतर्मुख केले ते याने की, या माणसाला कोणतेही वाद्य वाजवता येत नव्हते, स्वरलिपी वाचता येत नव्हती, आणि धड सुरात गाताही येत नव्हते. चाल सुचली की तो ती भलत्याच गाण्याच्या साथीवर बेसूर आवाजात म्हणून ठेवी. त्यातून चाल शोधून काढणे हे वादकांचे काम. माझ्या वर्गात प्रवेशासाठी तो आला असता तर मी त्याला परत पाठवले असते. स्वरस्थानाची जाण आणि नादाच्या पोताची जाण या दोन वेगळ्या देणग्या आहेत, आणि आम्ही शिक्षक बहुधा पहिलीचीच परीक्षा घेतो.

१० जुलै १९६२ रोजी टेलस्टार हा उपग्रह अवकाशात गेला आणि अटलांटिकपलीकडची चित्रे इंग्लंडात दिसू लागली. ते पाहून मीकने ‘टेलस्टार’ ही धून रचली. टॉर्नेडोज या वादकसंचाने ती वाजवली. त्यांना दुसऱ्या कार्यक्रमासाठी निघावे लागल्यावर जेफ गोडार्ड याने क्लॅव्हिओलिन या विजेच्या पेटीवर मुख्य चाल भरली. त्याच वर्षी ही तबकडी इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोहोचली. अमेरिकेत ते स्थान मिळविणारा हा पहिला ब्रिटिश वादकसंच. बीटल्स तेथे पोहोचण्यापूर्वीची ही गोष्ट.

पण हे यश त्याला लाभले नाही. एका फ्रेंच संगीतकाराने चाल चोरल्याचा दावा लावला आणि धुनेचे मानधन अडकून पडले. समलिंगी संबंध त्या वेळी इंग्लंडात गुन्हा होता. १९६३ साली अशाच आरोपावरून त्याला दंड झाला आणि बभ्रा झाला. लोकांची आवड बदलली, कर्ज वाढले. कंपन्या आपल्या युक्त्या चोरतात, भिंतींतून कोणी ऐकते आहे, या संशयाने त्याला घेरले. मृतात्म्यांशी बोलण्याचा नाद तर पूर्वीपासून होता. ३ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याने घरमालकीण व्हायोलेट शेंटन यांच्यावर बंदूक झाडली आणि मग स्वतःचा अंत करून घेतला. त्याच वर्षाच्या जुलैत तो कायदा सैल झाला. त्याच्या मृत्यूनंतर दाव्याचा निकालही मीकच्याच बाजूने लागला.

शेंटनबाईंनी या माणसाचा गोंगाट वर्षानुवर्षे सोसला होता. फार झाले की त्या केरसुणीच्या दांड्याने छताला ठोकत, एवढीच त्यांची तक्रार. मीकच्या कौतुकात त्यांच्या मृत्यूचा उल्लेख पुष्कळदा एका ओळीत आटोपला जातो. ते मला पटत नाही. कलावंताच्या दुःखाने दुसऱ्याच्या प्राणाची भरपाई होत नाही.

मीकच्या मागे चहाच्या खोक्यांत भरलेल्या शेकडो फिती राहिल्या. १९९०च्या दशकात टेड फ्लेचर यांनी, जे पूर्वी त्याच्याकडे साथीला गात असत, मीकच्याच नावाने ध्वनिमुद्रणाची यंत्रे काढली. आज कोठल्याही छोट्या खोलीत बसून व्हॉल्व्ह आणि फितीचा तो दाट नाद शोधणारी तरुण मुले जाणता-अजाणता त्याच वाटेने चालली आहेत.

माझ्या विद्यार्थ्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या. मूळचे निर्मळ ध्वनिमुद्रण नेहमी जपून ठेवावे, कारण एकदा दबलेला माथा पुन्हा उभा राहत नाही. आणि पेटीचे बटण डोळ्यांनी नव्हे, तर शेजारी तानपुरा छेडून कानाने ठरवावे. वडील जवारी लावून घेताना कारागिराला तारा पुन्हापुन्हा छेडायला लावीत, आणि गांधार बोलू लागताच हात वर करून थांबवीत. तो हात कधी वर करायचा, हेच शिकण्यासारखे आहे.