माईक नंतर, खोली आधी: वॉलेस सॅबिन यांची गोष्ट

मी मोबाईलवर व्हॉइस नॅरेशन रेकॉर्ड करतो. त्यामुळे मला हमखास विचारलं जातं, की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय, कोणता माईक घेऊ? मी म्हणतो, पैसे खर्च करायच्या आधी खोली बघा. हे माझं डोकं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसानं हे मोजून दाखवलंय.

कोण होते सॅबिन?

वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांचा जन्म 13 जून 1868 ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात फिजिक्स शिकवू लागले. 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग आर्ट म्युझियमची नवी इमारत उभी राहिली, पण तिथल्या लेक्चर हॉलमध्ये शिकवलेलं कुणाला कळेचना. बोललेला एक शब्द तिथे साधारण साडेपाच सेकंद घुमायचा. तोवर पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन आदळायचे. हे दुरुस्त करायचं काम तरुण सॅबिन यांच्या गळ्यात पडलं.

तेव्हा ना कॉम्प्युटर होता, ना मीटर. त्यांच्याकडे एक ऑर्गनची नळी, वेळ नोंदवायचं यंत्र आणि स्वतःचे कान एवढंच होतं. दिवसा रस्त्यावर गोंगाट, म्हणून ते मध्यरात्रीनंतर काम करायचे. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, नळी वाजवून बंद करायची आणि आवाज ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर! भरपूर गाद्या लावल्यावर घुमणं सुमारे 1 सेकंदावर आलं.

काम किती बारीक, बघा. आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषतात हे लक्षात आल्यावर त्यांनी आधीची हजारो मोजमापं बाद केली आणि पुढे रोज तेच कपडे घालून प्रयोग केले.

1898 मध्ये त्यांना सूत्र सापडलं. खोली जितकी मोठी, तितका आवाज जास्त वेळ घुमतो. शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितका कमी. शोषण तिप्पट केलं, की घुमणं एक तृतीयांश. याच हिशोबाने बांधलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल 15 ऑक्टोबर 1900 ला सुरू झाला आणि आजही जगातल्या उत्तम हॉलमध्ये गणला जातो. 10 जानेवारी 1919 ला, अवघ्या 50 व्या वर्षी सॅबिन गेले. आवाज शोषण्याचं एकक आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

आपण काय करायचं?

- टाळी वाजवा. रिकाम्या, फरशीच्या खोलीत टाळीमागे झणझण ऐकू आली, तर तीच तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये येणार.
- गाद्या, रजया, गोधड्या वापरा. बेडजवळ किंवा कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर बसा. पाठीमागच्या भिंतीवर जाड रजई टांगा. पातळ चादर फक्त बारीक, टोकदार आवाज शोषते. भारी आवाजाला जाडीच लागते. अंड्यांच्या ट्रेने फारसं काही होत नाही.
- फोन वीतभर अंतरावर ठेवा. जवळून बोललं, की माईकमध्ये तुमचा आवाज जास्त आणि खोलीचा कमी जातो. फोन तोंडासमोर न धरता थोडा बाजूला धरा, म्हणजे 'प' आणि 'फ' ची फुंकर माईकवर बसत नाही.
- वेळ निवडा. रजई घुमणं कमी करते, पण बाहेरचा हॉर्न किंवा शेजारचा मिक्सर थांबवत नाही. सॅबिन यांनाही त्यासाठी रात्रच गाठावी लागली. पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका.

घुमलेला आवाज ॲपने नंतर काढायला गेलं, की शब्दही चिरके होतात. म्हणून घरातल्या गोधड्या आधी वापरून बघा. त्यानंतरही कमी वाटलं, तर माईकचा विचार करा.