हंटरवालीला उंबरठा ओलांडायला किती वर्षं लागली?

मैत्रिणींनो, ‘मॅकेन्नाज गोल्ड’ हा १९६९ सालचा इंग्रजी सिनेमा आपल्या देशात तुफान चालला. दडलेलं सोनं, घोडे, बंदुका, दऱ्याखोऱ्या आणि जिवावर उदार झालेले पुरुष! पण त्याच्या ३४ वर्षं आधी आपल्या मुंबईत एक बाई घोड्यावर स्वार होऊन, हाती हंटर घेऊन पडद्यावर आली होती. ती म्हणजे नादिया.

तिचं खरं नाव मेरी इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात. वडील फौजेत होते. त्यांच्यासोबत पाच वर्षांची मेरी मुंबईला आली. पहिल्या महायुद्धात वडील गेले. पुढे पेशावरकडे ती घोडेस्वारी आणि बंदूक चालवायला शिकली. १९२८ मध्ये आई आणि लहानग्या मुलाला घेऊन ती मुंबईला परतली. पोटासाठी दुकानात विक्रीचं काम केलं, नृत्य शिकली, सर्कशीतही राबली.

मग जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंनी तिला सिनेमात घेतलं. १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ आला. गोरी, निळ्या डोळ्यांची, धिप्पाड बाई लोकांना आवडेल का, अशी शंका होती. पण सिनेमा असा चालला की विचारू नका! ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती आगगाडीच्या टपावर मारामारी करते. ‘जंगल प्रिन्सेस’मध्ये तर खरेखुरे सिंह होते. ही सगळी जोखमीची कामं ती स्वतः करायची. १९४० च्या ‘डायमंड क्वीन’मध्ये मुंबईहून गावी परतलेली तिची नायिका गुंडांना लोळवते आणि बायकांच्या हक्काबद्दलही ठणकावून बोलते.

आता दुसरी बाजू बघा. नादिया आणि होमी यांचं एकमेकांवर प्रेम होतं. पण ती पारशी नव्हती, म्हणून होमींच्या आईचा लग्नाला विरोध होता. दोघं थांबली. एकदोन नव्हे, कितीतरी वर्षं! होमींच्या आई गेल्यानंतर, १९६१ मध्ये त्यांचं लग्न झालं. तेव्हा नादिया ५३ वर्षांची होती. पुढे १९६८ मध्ये ‘खिलाडी’त तिनं गुप्तहेराचं काम केलं. ९ जानेवारी १९९६ रोजी, वयाची ८८ वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती गेली.

जिच्यासाठी थेटरात शिट्ट्या वाजल्या, तिला सून म्हणून घरात यायला अर्धं आयुष्य वाट पाहावी लागली. आपलं तरी वेगळं काय आहे? तुमसर असो की साकोली, मैदानात धावणाऱ्या, स्टेजवर धीटपणे बोलणाऱ्या पोरीसाठी आपण जोरात टाळ्या वाजवतो. तीच पोरगी सून म्हणून बघायची वेळ आली, की मात्र आपल्याला खाली मान घालणारी हवी असते. लेकीसुनांचं धाडस हेच खरं घरातलं गुप्तधन. ते शोधायला दऱ्याखोऱ्यात जायची गरज नाही, बायांनो. आधी आपलं दार तर उघडूया!