औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी : एका हौशी चित्रकाराची जडणघडण

औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांचे नाव मराठी वाचकाला अनेक कारणांनी परिचित आहे. सूर्यनमस्काराचे प्रवर्तक, कीर्तनकार राजा, किर्लोस्करवाडीला जागा देणारा द्रष्टा संस्थानिक, प्रजेच्या हाती सत्ता सोपविणारा राज्यकर्ता अशा त्यांच्या विविध प्रतिमा रूढ आहेत. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, याची नोंदही वाङ्मयेतिहासात आढळते. या सर्व प्रतिमांच्या गर्दीत त्यांच्यातील चित्रकार मात्र काहीसा मागे पडला. ज्या उद्योगासाठी त्यांनी आयुष्यभर सवड काढली, त्याचा उल्लेख बहुधा छंद या एका शब्दाने उरकला जातो. या छंदातून उभे राहिलेले प्रश्न मात्र केवळ चित्रकलेचे नाहीत. पुराणकथा चित्रात आणताना ती कोणत्या काळाची मानावयाची, संहितेशी निष्ठा म्हणजे काय आणि परंपरेने मनात ठसविलेल्या रूपाचे काय करावयाचे, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही टाळता येण्यासारखे नाहीत.

१. घराणे, शिक्षण आणि मोकळीक

छत्रपती राजारामांच्या काळात परशुराम त्रिंबक यांना प्रतिनिधीपद मिळाले आणि या घराण्याचा उदय झाला. एकोणिसाव्या शतकात उरलेले औंध संस्थान मात्र लहान होते. बहात्तर गावांचा हा मुलूख सलगही नव्हता. त्याचे तुकडे सातारा भागापासून विजापुरापर्यंत विखुरलेले होते. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले औंध ही या मुलखाची राजधानी. यमाई हे राजघराण्याचे कुलदैवत असल्यामुळे देवीचा उत्सव, पुराण आणि कीर्तन यांच्या वातावरणात बाळासाहेबांचे बालपण गेले.

२४ ऑक्टोबर १८६८ रोजी जन्मलेले बाळासाहेब हे ज्येष्ठ पुत्र नसल्यामुळे गादीचे वारस नव्हते. त्यांच्या कलाजीवनाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची ठरते. साताऱ्यातील शालेय शिक्षणानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. संस्थानिकांच्या मुलांसाठी असलेल्या खास शाळांच्या बंदिस्त वातावरणाऐवजी सर्वसामान्य सुशिक्षितांच्या सहवासात त्यांची मने आणि मते घडली. संस्कृताचा अभ्यास, प्राच्यविद्येविषयीचे कुतूहल आणि इतिहाससंशोधनाचा उत्साह ही त्या काळच्या पुण्याची देणगी होती. पुढे त्यांच्या चित्रांना जो विद्वत्तेचा रंग चढला, त्याचे मूळ या काळात शोधावे लागते.

१९०१ साली वडील निवर्तले. त्यानंतर ज्येष्ठ बंधू आणि त्यांच्या मागोमाग पुतण्या गादीवर आले. अखेर नोव्हेंबर १९०९ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बाळासाहेबांकडे राज्यकारभार आला. तोपर्यंत त्यांची अभिरुची पक्व झाली होती. राज्यपद मिळाल्यावर चित्रकलेला साधनांची जोड मिळाली, परंतु वेळेची चणचणही निर्माण झाली. दरबारची कामे, फिरस्ती, व्यायाम, पूजाअर्चा आणि कीर्तन यांतून उरलेला वेळ कुंचल्यासाठी, असा त्यांचा क्रम राहिला. अर्थाजनाची गरज नसलेला, पण कलेलाच सर्व वेळ देऊ न शकणारा असा हा चित्रकार होता.

२. रविवर्म्याचे ऋण

बाळासाहेबांच्या पिढीवर राजा रविवर्म्याचा प्रभाव किती खोल होता, याची कल्पना आज सहज येणार नाही. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला आणि त्याच्या तैलचित्रांवरून केलेले रंगीत शिलामुद्रित तक्ते घरोघरी लागले. सरस्वती, लक्ष्मी, शकुंतला, दमयंती यांची रूपे मराठी मनात कायमची ठरून गेली ती या तक्त्यांमुळे. नऊवारी लुगडे नेसलेली पौराणिक नायिका हे त्या रूपाचे सर्वांत ठळक लक्षण. तिच्याकडे पाहताना महाराष्ट्रातील प्रेक्षकाला परकेपणा वाटत नसे आणि म्हणूनच ती पुराणकाळातील असल्याचा विश्वासही त्याला सहज वाटे.

औंधच्या संग्रहात रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आली ती या आदरापोटी. पाश्चात्त्य वास्तवदर्शी शैलीतील छायाप्रकाश, देहाची घनता, रंगभूमीवरील प्रवेशासारखी पात्रांची मांडणी हे गुण बाळासाहेबांनी या परंपरेतून उचलले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत तयार झालेल्या चित्रकारांशीही त्यांचा संबंध आला. महादेव विश्वनाथ धुरंधर (जन्म १८६७) हे त्यांचे समवयस्क. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा जन्मही १८६७ चाच. सातवळेकर पुढे वेदाभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले, तरी मुळात ते जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार होते. १९१८ च्या सुमारास ते औंधास येऊन राहिले आणि तेथेच त्यांचे स्वाध्याय मंडळ नावारूपाला आले. चित्रकला आणि प्राचीन वाङ्मयाचा अभ्यास ही एकाच माणसाची दोन कामे असू शकतात, ही गोष्ट औंधात अपवादाची राहिली नव्हती. ज्यांना औंध संस्थानात कुंडलच्या माळावर १९१० मध्ये कारखान्यासाठी जागा मिळाली, ते लक्ष्मणराव किर्लोस्करही तरुणपणी याच कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते, हाही एक लक्षणीय योग होय.

३. ‘चित्ररामायण’ आणि कीर्तनकाराची दृष्टी

१९१६ साली बाळासाहेबांची रामायणावरील चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. इंग्रजीत ‘द पिक्चर रामायण’ या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ त्यांच्या पहिल्या टप्प्याचे फलित होय. येथे प्रत्येक चित्र स्वतंत्र कलाकृती म्हणून उभे राहण्यापेक्षा क्रमाने येणाऱ्या कथाभागाचा दुवा म्हणून उभे राहते. ग्रंथचित्रकाराचे हे खास काम आहे. कथेतील कोणता क्षण निवडावयाचा, कोणता गाळावयाचा आणि पुढच्या क्षणाची उत्सुकता कशी राखावयाची, हे त्याला ठरवावे लागते.

ही निवड करताना बाळासाहेबांच्या मदतीला त्यांच्यातील कीर्तनकार आला असावा, असे या मांडणीवरून दिसते. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान लावताना कीर्तनकार कथेचे काही थांबे ठरवितो. त्या त्या थांब्यावर तो पात्राचा आवेश, हातवारे आणि स्वर यांनी प्रसंग डोळ्यांपुढे उभा करतो व पुन्हा निरूपणाकडे वळतो. ‘चित्ररामायणा’तील रचना या पद्धतीला जवळची आहे. पात्रे ओळखू यावीत, प्रसंग चटकन कळावा आणि त्यातील भाव निःसंदिग्ध असावा, याकडे चित्रकाराचा कटाक्ष आहे. श्रोत्याला कथा आधीच ठाऊक असते, हे कीर्तनकार गृहीत धरतो. येथे चित्रकारानेही तेच गृहीत धरले आहे.

या गुणाची मर्यादाही स्पष्ट आहे. आवेश दाखविण्याच्या नादात पात्रांच्या हालचाली ताठर होतात. देहाचे रेखाटन कलाशाळेतील शिस्तीत मुरलेल्या धुरंधरांच्या सफाईला पोचत नाही. मनाच्या गुंतागुंतीपेक्षा प्रसंगाचा नैतिक अर्थ अधिक उठून दिसतो. परंतु या उणिवा केवळ हौशीपणाच्या खाती टाकून चालणार नाही. चित्राकडून उपदेशाची अपेक्षा करणाऱ्या दृष्टीतूनही त्या निर्माण झाल्या आहेत.

४. लेण्यांकडे वळलेली नजर

विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतीय चित्रकलेत रविवर्म्याविरुद्ध प्रतिक्रिया सुरू झाली होती. कलकत्त्यात हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याभोवती जमलेल्या कलावंतांना त्याची शैली परकी वाटू लागली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांना या वादात आदर्शाचे स्थान मिळाले. जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रंथरूपाने आल्या होत्या. पुढे लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत नंदलाल बोस आदी तरुण चित्रकारांनी तेथे काम केले.

बाळासाहेबही लेण्यांकडे वळले, पण त्यांचा मार्ग निराळा होता. बंगाली चित्रकारांनी अजिंठ्यात रेषेची लय आणि भावाची कोवळीक शोधली. बाळासाहेबांनी तेथे पुरावा शोधला. प्राचीन स्त्रीपुरुष कोणती वस्त्रे नेसत, दागिने कसे घालीत, केशरचना कशी करीत, रथ, धनुष्य, आसने आणि प्रासाद कसे होते, याची साधने त्यांना शिल्पांत व भित्तिचित्रांत दिसली. वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही स्थळांवर त्यांनी इंग्रजीत परिचयग्रंथ लिहिले. अजिंठ्यावरील ग्रंथ १९३२ चा आहे. इतिहासाच्या साधनांकडे पाहण्याची पुणेरी शिस्त येथे चित्रकाराच्या कामी आली. रविवर्म्याच्या नायिकेचे नऊवारी लुगडे या शिस्तीत टिकण्यासारखे नव्हते.

५. महाभारताची संहिता आणि तिची चित्रे

या दृष्टीची खरी कसोटी महाभारताच्या निमित्ताने लागली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना जुलै १९१७ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी संस्थेच्या सभेत बाळासाहेबांनी महाभारताची चिकित्सक व सचित्र आवृत्ती काढण्याची सूचना केली आणि त्यासाठी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. औंधसारख्या लहान संस्थानाच्या मानाने ही रक्कम मोठी होती. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कार्यारंभ झाला. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी प्रमुख संपादक म्हणून या कार्याला शास्त्रीय बैठक दिली. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये आणि संपूर्ण पर्व १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मुखपृष्ठावर देणगीदार म्हणून, तसेच प्राचीन नमुन्यांच्या आधारे चित्रे काढणारा चित्रकार म्हणून, बाळासाहेबांचा निर्देश आहे.

संपादक आणि चित्रकार यांच्या कामांतील साम्य येथे लक्षात घ्यावयास हवे. संपादकाने देशभरातील हस्तलिखिते ताडून पाहावयाची, मागाहून शिरलेला मजकूर वेगळा काढावयाचा आणि उपलब्ध पुराव्यावरून सिद्ध होणारा प्राचीनतम पाठ निश्चित करावयाचा. चित्रकाराने मागाहून चढलेले वेष आणि अलंकार उतरवावयाचे आणि प्राचीन शिल्पांच्या आधारे पात्रांना मूळ रूप द्यावयाचे. एका अर्थाने बाळासाहेबांनी चित्रातही पाठचिकित्सेचाच प्रयोग केला. सुकथनकरांचे नाव ज्या पद्धतीसाठी घेतले जाते, तिचे दृश्य प्रतिरूप त्यांच्या चित्रांत आहे.

हा प्रयोग पुरता सिद्धीस गेला असे म्हणता येत नाही आणि त्याची कारणे विचारात घेण्यासारखी आहेत. पहिले कारण कालगणनेचे. भरहुत आणि सांची येथील शिल्पे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील, तर अजिंठ्याची बहुसंख्य प्रसिद्ध चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. या नमुन्यांवरून रेखाटलेले पांडव कथेच्या कल्पित काळाचे ठरत नाहीत. फार तर महाकाव्याचा विस्तार होत असतानाच्या भारताचे ते ठरतात. संपादकाला आपला पाठ मूळ काव्याचा नव्हे, तर हस्तलिखितांनी पोचविलेल्या प्राचीनतम अवस्थेचा आहे, असे सांगण्याची सोय होती. चित्राला अशी तळटीप जोडता येत नाही. ते एकच रूप ठामपणे पुढे ठेवते.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. चिकित्सक आवृत्तीत लोकप्रिय प्रसंगांपैकी काहींना मुख्य संहितेत जागा उरली नाही. व्यासांचा लेखनिक झालेला गणपती परिशिष्टात गेला. १९४४ मध्ये फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावाही मुख्य पाठाबाहेर राहिला. कीर्तनाच्या आख्यानात श्रोत्यांचे डोळे पाणावतात ते याच धाव्याने. ज्या संस्थानिकाच्या प्रेरणेने ही आवृत्ती सुरू झाली, तो स्वतः हरिदासाच्या वेषात उभा राहून कथा सांगणारा होता. संशोधकाचे महाभारत आणि श्रोत्याचे महाभारत यांच्यामधील दरी त्याच्या एकाच आयुष्यात येऊन मिळाली होती. त्याच्या चित्रांतील वस्त्रे लेण्यांतील असली, तरी प्रसंग रंगविणारा भाव कीर्तनाचा राहिला. चित्रांतील अवघडलेपणाचे एक कारण या दुहेरी निष्ठेत सापडते.

६. संग्रह, प्रजा आणि उत्तरकाळ

बाळासाहेबांचा कलाव्यवहार स्वतःच्या चित्रांपुरता नव्हता. १९३८ साली औंधच्या डोंगरावर श्रीभवानी चित्रपदार्थसंग्रहालय उभे राहिले. रविवर्म्याची तैलचित्रे, पहाडी शैलीतील लघुचित्रे, पाश्चात्त्य कलाकृतींच्या प्रतिकृती आणि तत्कालीन मराठी चित्रकारांची कामे तेथे एकत्र आली. मुंबई-पुण्याचे तोंडही न पाहिलेल्या खेडुताला हे भांडार खुले होते. पुढे हेन्री मूरचे माता व बालक हे शिल्पही या संग्रहात दाखल झाले.

याच सुमारास, १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि पुत्र अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रिडमन यांच्या परिश्रमाने औंधची नवी राज्यघटना अमलात आली व बाळासाहेबांनी आपले अधिकार ग्रामपंचायतींवर आधारलेल्या प्रातिनिधिक सभेकडे सोपविले. साने गुरुजींनी काही काळ औंधात शिक्षण घेतले. गजानन दिगंबर माडगूळकर हे याच संस्थानच्या मातीतले. रामकथा गीतांतून घरोघरी नेणाऱ्या या कवीच्या आधी त्याच्या राजाने ती चित्रांतून नेली होती. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही, पण कीर्तन आणि आख्यान यांनी भारलेला परिसर दोघांनाही समान होता.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची पर्वे १९६६ पर्यंत पूर्ण झाली. जगभरच्या अभ्यासकांनी तिचा पाठ प्रमाण मानला, चित्रांकडे मात्र क्वचितच कोणी वळले. शुद्ध कलामूल्यांच्या निकषावर हा निवाडा अन्यायाचा नाही. तथापि ग्रंथातील चित्र हे संहितेचे एक वाचनच असते, हे मान्य केल्यास बाळासाहेबांची चित्रे निराळ्या महत्त्वाची ठरतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी सुशिक्षिताला आपला पुराणेतिहास एकाच वेळी भक्तीने जपावयाचा होता आणि पुराव्याने तपासावयाचा होता. त्या ओढाताणीची साक्ष निबंध-व्याख्यानांतून विपुल मिळते. रंगरेषांतून ती देणारे साधन म्हणून औंधच्या चित्रांचा अभ्यास मराठी साहित्याच्या इतिहासकारानेही करावयास हवा.