देवाचा दरबार : रेव्हरंड टिळकांचे उत्तरायुष्य

पवारांच्या मागोमाग अठराव्या शतकात मराठी माणूस माळव्यात आला आणि धार संस्थानात, तसेच देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीत कारकुनी, शिक्षकी, पौरोहित्य करीत स्थिरावला. कोकणात वा देशावर पोट भरेनासे झाले की एखाद्या संस्थानाची वाट धरावी आणि ओळखीपाळखीने चाकरी मिळवावी, ही रीत पुढेही दीर्घकाळ चालू राहिली. धार-देवासच्या अनेक घराण्यांचा इतिहास असाच सुरू होतो. याच रीतीने १८९३ च्या सुमारास एक संस्कृतज्ञ कवी नागपूरहून राजनांदगावकडे निघाला होता. तेथील गादी वैष्णव बैरागी महंतांची. आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले आणि उतरताना त्या गृहस्थाने बायबलची एक प्रत त्याच्या हाती ठेवली. हा प्रवासी म्हणजे नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई लवकर गेली, घर सुटले. नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे शिक्षकी झाली, कीर्तने झाली, छापखाना झाला. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादन झाले. एकाही ठिकाणी ते टिकले नाहीत. आलेला पैसा दारी आलेल्या पहिल्या गरजूच्या हाती जाई. या वृत्तीची किंमत पत्नी लक्ष्मीबाईंनी कशी मोजली, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या सभासदांना सांगावयास नको.

गिरिप्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी त्यांचे वय तेहतीस होते, पदरी पत्नी आणि लहान मुलगा होता. आप्तांनी नाते तोडले. लक्ष्मीबाई मुलासह माहेरच्या आधाराने राहिल्या. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर, १९०० साली, स्वतःच्या विचाराने त्याही ख्रिस्ती झाल्या. या वर्षांचे दुःख टिळकांच्या चरित्रकारांनी बहुधा उरकते घेतले आहे. ते खऱ्या अर्थाने कळते लक्ष्मीबाईंच्याच लेखणीतून.

अहमदनगर हे टिळकांचे दुसरे घर झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने त्यांना स्थिर वेतन मिळाले. त्यांनी अध्यापन केले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाची धुराही त्यांच्याकडे आली. परंतु त्यांचा गोतावळा मिशनच्या आवारात मावणारा नव्हता. १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. ज्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना या संमेलनात 'बालकवी' हे नाव मिळाले, ते पुढे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. जुनी नाती तुटली त्या माणसाने मराठी साहित्यात नवे कुटुंब जमविले, आणि त्यात जातधर्माची विचारपूस कधी केली नाही.

अशा स्थिरस्थावर अवस्थेत, बहुतेक माणसे निवृत्तीवेतनाचा हिशेब मांडतात त्या वयात, टिळकांनी दुसऱ्यांदा आयुष्याची मोडणी केली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाने महिन्याकाठीचे उत्पन्न सोडून साताऱ्यास बिऱ्हाड हलविणे हा वरवर पाहता अविचारच होता. मिशनशी त्यांचे भांडण झाले नव्हते. खुपत होते ते निराळेच. पगारी उपदेशक कितीही तळमळीने बोलला तरी ऐकणाऱ्याला तो परक्याचा चाकर वाटतो, आणि त्याच्याबरोबर ख्रिस्तही परका ठरतो. टिळक स्वतः तुकोबांच्या अभंगांवरून चालत ख्रिस्तापर्यंत पोचले होते. तीच वाट इतरांसाठी खुली करावयाची तर पगाराची मध्यस्थी नको, असा त्यांचा निष्कर्ष होता. या अवस्थेला ते संन्यास म्हणत. संसार मात्र सुटला नाही. लक्ष्मीबाईंच्या पुढ्यातली चूल तीच होती, तिच्यातल्या लाकडांची शाश्वती तेवढी गेली.

साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. ही संस्था नव्हे, बंधुवर्ग होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तेथे एकत्र बसू शकत. दरबाराचा अधिपती एक ख्रिस्तच. बाप्तिस्मा न घेता शिष्य कसे होता येईल, ही शंका चर्चमधील अनेकांना होती आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. चर्चची सीमारेषाच त्यामुळे पुसट होत होती. टिळकांची भिस्त मात्र रेषेपेक्षा माणसांवर होती. पत्रे, कीर्तने, अभंग आणि जुने स्नेह, हीच त्यांची साधने. मिशन सोडले तरी मिशनमधील मित्र सोडले नाहीत, हे येथे नोंदविले पाहिजे.

त्यांना वेळ फार थोडा मिळाला. ५ मे १९१८ रोजी बालकवींचा रेल्वेखाली अंत झाला. त्यानंतर वर्षभरातच टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दफनाऐवजी त्यांच्या देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. दरबार त्यांच्यामागे फार काळ तगला नाही. तो एका व्यक्तीच्या ओढीवर उभा होता. ख्रिस्ती उपासनेला आश्रमाचे भारतीय रूप देऊ पाहणारे जे. सी. विन्स्लो यांनी मात्र पुढे त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले.

आणखी एक काम अपुरे होते. ख्रिस्तचरित्रावरील 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे दहा-अकरा अध्यायच टिळकांच्या हातून झाले होते. ज्या लक्ष्मीबाईंना लिहिणे सदैव जड गेले, त्यांनी पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. शेवटचा भाग त्यांचे पुत्र देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.